चिपटंभर मैदा

कॉर्क. बाटलीच्या बुचाच्या नावाचं गाव.
माझी बहीण निरंजना तिथे
एकतीस वर्षं लोकांच्या नाड्या पाहते आहे.
मी खांब पाहायचो. लाइनमन, आर्वी उपविभाग.
निवृत्तीचे पैसे हाती आले
तेव्हा वनमाला म्हणाली, एकदा जाऊन येऊ,
मग गुडघे नाही म्हणतील.

जूनमध्ये तिथे रात्री दहाला ऊन.
मी खिडकीशी बसून तारा शोधायचो.
कुठून नेली यांनी वीज?
‘जमिनीखालून,’ निरूताई म्हणाली,
‘तुले चढाले येथं काहीच नाही रे.’

पुदिना तिने बादलीत लावलेला,
नाही तर सारं अंगण खाते, म्हणाली.
पानं वाटून लोण्यात घातली,
कोको चाळला,
आणि चाळता चाळता मला म्हणाली,
‘चिपटंभर मैदा घे. अन् तो सराटा दे इकडे.’
वनमालानं माझ्याकडे पाहिलं.
चिपटं! आमच्याकडे आता ते माप
दाण्याच्या कोठीतही सापडत नाही.
घरात कप आहेत, वाट्या आहेत, किलोची पिशवी आहे.
हिच्या तोंडात मात्र सगळं शाबूत,
गेली त्या दिवशी बांधून नेल्यासारखं.
टमाटराला ती भेदरं म्हणते.
तिची मैत्री, तिथेच जन्मलेली,
तीही भेदरं म्हणते
आणि तिला वाटतं अख्खा भारत असंच म्हणतो.
मी तिला काही सांगितलं नाही.

भट्टीत बिस्किटं. बारा मिनिटं.
काचेतून दिवा दिसत होता आणि आम्ही दोघं
काचेसमोर खाली फरशीवर बसलेलो,
लहानपणी चुलीपुढे बसायचो तसे.
‘बाबा गेला तवा,’ ती म्हणाली,
‘माही रातपाळी होती.’
मी म्हणालो, माहीत आहे.
‘तिकीट पाहलं होतं.’
मी म्हणालो, बिस्किटं फुगली बघ.

घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी
मी कुकर घेतला. शिटी काढली, रबर काढलं,
तळाला वर्धेची रेती, रेतीवर जाळी,
जाळीवर ताटली.
पुदिना हापशीच्या मागचा,
सांडपाण्यावर माजलेला, तिखट,
वनमालानं तीनदा धुतला.
कोको आर्वीहून आणला. दुकानदार म्हणाला,
वाढदिवस आहे का कुणाचा?
तिथेच बाजारात भाजीवाल्या पोराला म्हणालो,
‘अर्धा किलो भेदरं दे.’
‘काय देऊ, काका?’
मागे पोत्यावर बसलेली त्याची आजी
मान वर करून माझ्याकडे पाहत राहिली,
मग पोराच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली,
‘लाल लाल, अबे, लाल.’

पहिला घाणा कोळसा झाला.
दुसरा वरून कच्चा, खालून चिकटला,
त्यात लाइट गेली. मी सवयीनं
बाहेर जाऊन खांबाकडे पाहिलं.
तिसरा बरा.
शेजारच्या ढोकांची पोट्टी आली.
एकानं खाल्लं, थांबलं, तोंड उघडून हवा ओढली.
‘आबा, हे थंडं काऊन लागते?’
‘दात घासल्यावानी लागते,’ दुसरा म्हणाला
आणि अजून एक उचललं.
गुलाब ढोक म्हणाला, गोड आहे,
पण औषध आहे का गोड आहे ते ठरव.

रात्री निरूताईचा फोन. तिच्याकडे अजून ऊन होतं.
सांगितलं सगळं, रेती, कोळसा, पोट्टी.
हसली. मग बराच वेळ
फक्त तिकडच्या पक्ष्यांचा आवाज येत राहिला.
मी वाट पाहिली. वाटलं, आता म्हणेल,
दिवाळीत येते. किंवा येत नाही.
ती म्हणाली,
‘चिकटले म्हनतं, तर सराट्यानं काढले ना
अलगद?’
हो, म्हणालो.

पक्कडीनं काढले होते.
ती अजून कोकोनं माखलेली
खुंटीला टांगली आहे.